लाजेच्या नावावर खपवलेली गैरसोय

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची चर्चा मराठीत निघाली की दोन वाक्यांवर संपते: बायका तपासणीला लाजतात, आणि आता लस आलीच आहे. लस मुलींची, त्यांच्या तिशी-चाळिशीतल्या आयांना तपासणीच लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या जेमतेम 2 टक्के बायकांची ती कधी तरी झालेली होती.

लाजेचं कारण खोडायला ऑस्ट्रेलिया गाठायची गरज नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एचपीव्ही, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या चाचणीला बोलावलेल्या जवळपास 80 टक्के बायका आल्या, आणि त्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या होत्या, तपासणी गावाजवळ होती. लाज तेव्हाही होतीच की!

इथे ऑस्ट्रेलियात 25 ते 74 वयात दर 5 वर्षांनी एचपीव्ही चाचणी होते. बोलावणं नोंदवहीतून आपोआप येतं. जुलै 2022 पासून नमुना स्वतः घेण्याची मुभा सगळ्यांना आहे: पडद्याआड मऊ टोकाची काडी योनीत काही सेंटिमीटर आत घालायची, 20-30 सेकंद फिरवायची, नळीत परत ठेवायची. अवेळी रक्तस्राव होत असेल तर मात्र डॉक्टरांनीच तपासायला हवं. विषाणूचा सर्वांत धोक्याचा प्रकार 16 किंवा 18 सापडला तर थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड भिंगातून तपासणं. धोक्याचा दुसरा प्रकार सापडला तर पेशींच्या तपासणीसाठी पुन्हा यावं लागतं. बायका गळतात त्या बहुधा इथेच. भाड्याचं घर बदललं की पत्र जुन्या पत्त्यावर जातं, ही आपल्या लोकांची खास अडचण. आणि नवऱ्याचा "हा विषाणू आला कुठून?" हा प्रश्न मेलबर्नमध्येही सुटत नाही. विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नाही, हे निकालाआधीच सांगायला हवं.

आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात. पुढे आरोग्य केंद्रात गर्भपिशवीच्या तोंडाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि बिघडलेल्या पेशींचा पांढरा डाग शोधायचा. पद्धत स्वस्त आहे, पण तिला स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन), चांगला उजेड, सरावलेली नजर आणि कडी लागणारी खोली लागते. पाळी गेल्यावर तर बघायची जागाच आत सरकते. स्वतः नमुना घ्यायची काडी वाटणं त्या मानाने सोपं. पण डाग किंवा विषाणू सापडलेल्या बाईला तालुक्याला नेणार कोण, त्या दिवशीची मजुरी देणार कोण, हे ठरवल्याशिवाय काड्या वाटू नयेत.