संत गोन्सालो दरबारात गेले होते

‘खरा ख्रिस्ती मतदान करीत नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज गेले दोन आठवडे वसईत फिरतो आहे. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या, दोन ग्रुपांवर आला, पाचूबंदर या वसईतल्या कोळीवाड्यातल्या नातेवाइकांकडून आला. मी वाचला आणि सोडून दिला. परवा रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून मावशीकडे गेले, तर ती म्हणाली, “बाय, यावेळी मी मत द्यायला जायची नाय. देवावर भरवसा असला तर मत देणं पाप असतं म्हणे.” मावशी शहात्तर वर्षांची आहे. बोटाला शाई लावून घ्यायला तिने आजवर एकदाही कंटाळा केलेला नाही. तिच्या तोंडून हे ऐकल्यावर गप्प बसवेना.

मेसेजात पाच मुद्दे आहेत. येशूचे राज्य या जगाचे नाही. बायबलमधले स्तोत्र १४६ सांगते की राज्यकर्त्यांवर भरवसा ठेवू नका. आपले संत गोन्सालो सत्तेच्या दारात कधी गेले नाहीत, थेट क्रुसावर गेले. धर्मगुरूंना राजकारण वर्ज्य आहे, मग आपल्यालाही आहे. आणि सत्ता देवच देतो, तेव्हा मत देण्याऐवजी गुडघे टेका.

गोन्सालोंपासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा वाचून माझे डोके फिरले. वसईच्या संताबद्दल वसईच्याच लोकांना कोणीही काहीही सांगावे आणि आपण खाली ‘आमेन’ लिहून पुढे ढकलावे?

गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, लहान वयात जेसुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा अस्खलित शिकले. मग व्यापारात पडले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर (धर्मगुरू नसलेले व्रतस्थ) झाले. त्या काळी जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी फिलिपिन्सने आपल्यापुढे शरण यावे म्हणून धमकावत होता. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने त्याच्याकडे वकिलात पाठवली. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता आणि दुभाषे होते आपले गोन्सालो. युद्ध की सलोखा असा तो मामला, आणि त्या दरबारातले बोलणे वसईच्या माणसाच्या तोंडून चालले होते. याहून राजकीय काम आणखी कोणते असते? पुढे त्याच हिदेयोशीच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारले, त्यांत गोन्सालो होते. त्यांची आशा देवावर होती म्हणूनच असल्या माणसासमोर उभे राहताना त्यांचे पाय लटपटले नाहीत, असे मी मानते. ‘सत्तेच्या दारात कधी गेले नाहीत’ हे वाक्य लिहिणाऱ्याने त्यांचे चरित्र उघडूनही पाहिलेले नाही.

धर्मगुरूंचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो कबूल करते. चर्चच्या कायद्यानुसार, १९८३ च्या धर्मसंहितेत कलम २८५ आणि २८७ पाहा, धर्मगुरूंनी सत्तेची पदे घ्यायची नाहीत आणि पक्षांच्या राजकारणात सक्रिय भाग घ्यायचा नाही. पण हा निर्बंध धर्मगुरूंवर आहे. फादर लग्न करीत नाहीत म्हणून आपण लग्नाला पाप म्हणतो का? प्रापंचिकांनी काय करायचे ते कॅटेकिझममध्ये स्वच्छ लिहिले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीर केलेला हा आपल्या चर्चचा अधिकृत शिक्षणग्रंथ. त्याचा परिच्छेद २२४० सांगतो की कर भरणे, मतदानाचा हक्क बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक बंधने आहेत. मतदान चालेल, हरकत नाही, अशी ती सवलत नाही, ते बंधन आहे. मेसेज ज्याला पाप म्हणतो त्याला चर्च कर्तव्य म्हणते. तो परिच्छेद मी मावशीला दोनदा वाचून दाखवला.

आणि धर्मगुरूंचेच म्हणाल, तर वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. पण हरित वसईसाठी, इथल्या गुंडगिरीविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्या वाड्यांमधल्या बायका त्यांच्या मागे होत्या. त्यातल्या कितीतरी आज आजी झाल्या आहेत आणि त्यांच्याच फोनवर हा मेसेज येतो आहे. त्याही आधी काका बाप्टिस्टा होते. वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे, स्वतः टिळकांचे सहकारी. १९१६ मध्ये होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, पुढे मुंबईचे महापौर. ते काय खरे ख्रिस्ती नव्हते?

‘माझे राज्य या जगाचे नाही’ हे येशूने त्याचा न्यायनिवाडा करणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताला सांगितले. तसे असते तर माझे लोक लढले असते, असेही त्याच श्वासात सांगितले. तलवारीने राज्य मिळवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजाऱ्याच्या नळाला पाणी येवो न येवो, तुम्हाला काय त्याचे, असे येशू कुठेही म्हणालेला नाही.

स्तोत्र १४६ मात्र मावशीने स्वतःच काढले. तिच्या बायबलला प्लास्टिकचे कव्हर आहे, आत मेलेल्या माणसांची मिस्साकार्डे. तिसरी ओवी खरोखरच सांगते की अधिपतींवर भिस्त ठेवू नका. मेसेज तिथे थांबतो. आम्ही पुढे वाचत गेलो. सातव्या ओवीत देव पिडलेल्यांना न्याय देतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना सोडवतो. नवव्या ओवीत परक्यांना सांभाळतो, अनाथाला आणि विधवेला आधार देतो. मावशीचे बोट ‘विधवा’ या शब्दावर थांबले. काका गेल्यावर पेन्शनच्या कागदासाठी तिने किती खेपा घातल्या ते मला माहीत आहे. न्याय, अन्न, तुरुंग, परके, विधवा ही सगळी देवाची काळजी असेल, तर ती ज्या कचेऱ्यांमध्ये तुडवली जाते तिथे कोण बसतो याच्याशी देवाच्या माणसांना देणेघेणे नको?

आता सर्वांत घातक मुद्दा. सत्ता देवच देतो, म्हणून मत देऊ नका, प्रार्थना करा. यासाठी बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला आहे. तोच पौल, फटके मारायला बांधला तेव्हा, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे कायद्यात बसते का असे शताधिपतीला, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याला, विचारतो. पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागतो. पाहा बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २२ आणि २५. नागरिकत्वाचा हक्क त्याने पुरेपूर वापरला.

पाचूबंदरला होडीवर फादर आशीर्वादाचे पाणी शिंपडतात. म्हणून फाटलेले जाळे कोणी तसेच समुद्रात टाकत नाही.

मावशीच्या वाडीमागे एक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, होते. पावसाचे पाणी त्यात उतरायचे, मुरायचे आणि मे महिन्यापर्यंत विहिरी गोड राहायच्या. आज तिथे डेब्रिजचा भराव आहे. लाद्यांचे तुकडे, तुटलेले कमोड, गंजलेल्या सळया. रात्री डंपर यायचे, तक्रारी झाल्या, कोणी दखल घेतली नाही. आता मावशीच्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्येच मचूळ लागते, चहा फाटतो. २०१८ च्या जुलैत वसई दिवसेंदिवस पाण्यात होती ते कोणी विसरलेले नसेल. बावखले बुजली की ते पाणी जाणार कुठे? भराव कोण थांबवणार हे ज्या निवडणुकीत ठरते, तिथे आमच्या वाड्यांनी घरी बसावे असे हा मेसेज सांगतो. आम्ही घरी बसलो तर सोय कोणाची होते, एवढे तरी बघा.

एक गोष्ट मेसेजवाल्याला मनाविरुद्ध देऊन टाकते. आपल्याकडे पुढाऱ्यांची पूजा फार वाढली आहे. सणाच्या मिस्सानंतर उमेदवार चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि आपणच त्यांना शाल घालतो. ‘साहेब निवडून आले की सगळं होईल’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही. तारणारा एकच आहे. पण नगरसेवक तारणारा नाही हे कळले की त्याला निवडताना आणि नंतर जाब विचारताना भीती उरत नाही. मेसेजने याच्या नेमके उलट शिकवले.

खाली ना नाव आहे, ना धर्मग्राम, ना कोणा फादरची सही. आपल्या ग्रुपवर तो ज्यांनी टाकला त्यांना हात जोडून सांगते, ज्यांना ज्यांना पाठवला त्यांना आज फोन करा. म्हाताऱ्या माणसांना आधी. मावशीची मतदारयादीतली नोंद मी पाहून ठेवली आहे, तिची मतदानाची खोली तळमजल्यावर आहे.