‘टाळ्या घेऊन निघून जाता’ असं लिहिणाऱ्या वाचकाला

नमस्कार सर,

(‘सर’ हे उगं अंदाजानं. तुम्ही नाव दिलं नाही, ‘एक वाचक’ एवढंच लिहिलंय. पण ज्या सुरात लिहिलंय त्यावरून सरच असणार.)

घरातल्या मारहाणीवर आम्ही गावोगाव करतो त्या नाटकाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाटकानं मार थांबत नाही. पुरुष मागं तंबाखू मळत बसतात. प्रयोगात बोललेल्या बाईला त्या रात्री घरी काय सोसावं लागतं हे कुणी विचारत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी सापडत नाहीत, निवारा नाही. सातला प्रयोग लावता तेव्हा बाया चुलीपाशी असतात. आणि शेवटी हे वाक्य: ‘तुम्ही शहरी मंडळी परदेशातलं थिएटर आणून आमच्या बायकांना भडकवता आणि टाळ्या घेऊन निघून जाता.’

वेळेचं तुमचं बरोबर आहे. साडेआठला करायला पाहिजे, करू.

आता ते वाक्य. शहरी मंडळी? सर, माझे आईबाप बीडच्या केज तालुक्यातून ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला ठाऊक असेलच. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारे पैसे, नवऱ्याच्या हातात पडते, मोळ्या बायकोच्या डोक्यावर येतात. मारहाणीला कंटाळून बाई निघून गेली की कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून मुकादम, सासरा, कधी कधी तर तिचा सख्खा भाऊसुद्धा तिला परत कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, आणून सोडतो. हे मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही. माझी मावशी रात्री मार खायची अन् पहाटे फडात सगळ्यांच्या आधी हजर असायची. आई म्हणायची, नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडं मागायची? आई शिकलेली नव्हती असं म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) आपल्या राज्यातल्या सुमारे 44 टक्के बायकांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य ठरवलंय. स्वयंपाक बिघडला, उलटं बोलली, न सांगता बाहेर गेली, असली ती कारणं. कायद्याचं पत्रक वाटून हे डोक्यातून निघत असतं, तर कधीच निघालं असतं.

आणि ‘आमच्या बायका’ म्हणजे कुणाच्या हो?

परदेशातलं म्हणाल तर हो, प्रेक्षकानंच नाटकात उतरायची ही पद्धत ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची. पण ती जन्मली कशी ते ऐका. 1973 साली पेरू देशात ते बायकोला फसवणाऱ्या नवऱ्याचं नाटक करत होते. प्रेक्षक उपाय सुचवायचे आणि नट तो करून दाखवायचे. एका बाईनं सुचवलेलं काही नटांना जमेना. ती वैतागली, तेव्हा बोआल म्हणाले, मग तुम्हीच या. ती वर आली आणि नवरा झालेल्या नटाला तिनं झाडूनं बडवलं. आता सांगा, यातलं काय आपल्याकडच्या बाईला समजणार नाही?

परदेश तरी कशाला? आपल्या पैठणच्या नाथांच्या भारुडातली सून सासू-सासऱ्यासकट सगळं सासर उचल म्हणून भवानीला रोडगा कबूल करते. ते भारूड भर सभामंडपात होतं आणि सासवासुद्धा हसतात. (त्याचा आध्यात्मिक अर्थ मला समजावू नका, तो कीर्तनात ऐकतच वाढले.) तेव्हा बाई भडकेल म्हणून कुणी पेटी-मृदंग बंद केलेला माझ्या ऐकण्यात नाही.

भडकवण्याचं म्हणाल, तर आमच्या नाटकात भाषण नसतंच. प्रसंग एकदा पूर्ण होतो, मारासकट. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि समोरचं कुणीही ‘थांबा’ म्हणून त्या बाईच्या जागी येतं. नवरा झालेला पोरगा सहजासहजी ऐकत नाही, तशी ताकीदच असते त्याला. कुणी सासूला मधे घालतं, कुणी माहेर गाठतं. एका गावात एक म्हातारी आली आणि घराबाहेर काढणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, ‘मी कामून जाऊ? तूच जा बाहेर.’ लोक हसले. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अगदी तेच म्हणतो. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहायचा हक्क आहे. तिथल्या अंगणवाडी ताईंनी हे उठून सांगितलं, आम्हाला सांगावंही लागलं नाही.

आणि टाळ्या! आमच्याकडं नाटक मधेच थांबतं, भांडण लागतं, लेकरं रडतात. टाळ्या कुठं वाजतात ते तुम्हीच येऊन दाखवा.

तंबाखूचं म्हणाल तर मळू द्या, कान उघडेच असतात. त्या रात्रीचं काय, हा प्रश्न आम्हाला पडत नसेल असं तुम्हाला घरबसल्या कसं कळलं, याची मला गंमत वाटते. 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर आम्ही प्रत्येक प्रयोगात सांगतो. संरक्षण अधिकारी आणि निवाऱ्याचा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत काही प्रयोग आहेत. या. फक्त पुढची प्रतिक्रिया नाव घालून पाठवा, नाहीतर मी ती छापणार नाही.