ओव्हनमधले चिकन विंग्स नरम पडतात ते ओलाव्यामुळे, तेल नसल्यामुळे नव्हे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरगुती गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, ओव्हनमध्ये चिकन विंग्स कुरकुरीत होतच नाहीत, त्यांना कढईभर तेलच लागते. तरीही करायचे असतील तर कातडी काढा, दही आणि काळ्या मसाल्यात रात्रभर मुरवा, वरून खायचा सोडा भुरभुरा आणि १८० अंशांवर वीस मिनिटे भाजा. शिवाय नवापूरचा बर्ड फ्लू विसरू नका, विषाणू उकळत्या तेलातच मरतो. या संदेशाबरहुकूम केलेले विंग्स नरमच होणार आणि दोष ओव्हनच्या माथी जाणार, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे आवश्यक वाटते.

तेलाच्या दाव्याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरातील अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी हा पदार्थ प्रथम केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि तेव्हा ते विंग्स तळलेलेच होते. मात्र कुरकुरीतपणा तेलातून येत नाही, तो कातडीतले पाणी निघून गेल्याने येतो. पाणी शिल्लक असेपर्यंत कातडीचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही आणि खरपूस रंग व चव देणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. उकळते तेल हे पाणी झपाट्याने घालवते, ओव्हनमधली गरम हवा सावकाश घालवते, एवढाच फरक. पंखांच्या कातडीखाली चरबी भरपूर असते. ती वितळून कातडी स्वतःच्याच चरबीत तळली जाते, म्हणून वरून तेल घालण्याचीही गरज पडत नाही.

याच कारणाने कातडी काढण्याचा सल्ला मुळावरच घाव घालणारा आहे, कारण जे कुरकुरीत व्हायचे तेच फेकून दिले जाते. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पिसांसकट कातडी ओढून काढण्याची पद्धत आहे. ते काम लवकर उरकते. त्यामुळे ‘कोंबडी गरम पाण्यातून काढा, पिसे उपटा, कातडी राहू द्या’ असे दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगावे लागते. घरी आणल्यावर सांध्यावर सुरी टेकवून पंखाचे दोन मांसल तुकडे वेगळे करावेत आणि निमुळते टोक रश्श्यासाठी ठेवावे. नळाखाली धुण्याने जिवाणूंचे शिंतोडे ओट्यावर उडतात आणि कातडी पुन्हा ओली होते. त्याऐवजी कागदी रुमालाने ती अगदी कोरडी टिपावी.

दही-मसाल्यात मुरवलेले चिकन चवीला उत्तम लागते, याबद्दल वाद नाही. पण तो वेगळा पदार्थ झाला. दह्यातले पाणी कातडीवर बसून राहते, आणि काळ्या मसाल्यातले खोबरे व मसाले आधीच भाजलेले असल्याने जास्त आचेवर जळून कडू होतात.

सोड्याच्या बाबतीत संदेश योग्य दिशेने जाऊन चुकीच्या डब्याला हात घालतो. नुसता खायचा सोडा जास्त अल्कधर्मी असल्याने साबणासारखी चव येते. लागते ती बेकिंग पावडर: एक किलो विंग्सना दोन छोटे चमचे, सोबत एक छोटा चमचा मीठ. तिच्यामुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, रंग लवकर धरते आणि पृष्ठभागावर बारीक फुगे येऊन ती खुसखुशीत होते. हे चोळून तुकडे जाळीवर सुटे मांडावेत आणि न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी कातडी हाताला चर्मपत्रासारखी कोरडी लागली पाहिजे. भुसावळचा उन्हाळा वाळवणाला कितीही चांगला असला, तरी कच्चे चिकन बाहेर ठेवू नये.

‘१८० अंशांवर वीस मिनिटे’ यात ना चरबी पुरती वितळत, ना पाणी जात. आधी १२० अंशांवर अर्धा तास ठेवून चरबी वितळू द्यावी, मग २२० अंशांवर चाळीस ते पन्नास मिनिटे, मध्ये एकदा उलटून भाजावे. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान असेल तर अर्धा-अर्धा किलोच घ्यावे. भरताचे भाजलेले वांगे झाकून ठेवले की वाफेने साल सुटते. दाटीने ठेवलेल्या किंवा फॉइलने झाकलेल्या विंग्सचे तीच वाफ वाटोळे करते.

उरला नवापूरचा मुद्दा, आणि भीती पसरवणारा म्हणून तो सर्वांत आक्षेपार्ह आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे बर्ड फ्लू आढळला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांचे कंबरडे मोडले, हे खरे. पण मांसाचा प्रत्येक भाग ७० अंशांपर्यंत तापला की तो विषाणू नष्ट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले आहे, आणि ते तापमान तेलाने आले की हवेने, याने काहीही फरक पडत नाही. वरच्या पद्धतीने भाजलेले विंग्स हाडाजवळही ८५ अंशांच्या पुढे जातात. काळ्या मसाल्याची चव हवीच असेल तर चमचाभर मसाला गरम लोण्यात कालवून, विंग्स ओव्हनमधून काढल्यावर वाढण्यापूर्वी त्यात घोळवावेत. लोण्यात पाणी असते, म्हणून घोळवलेले विंग्स ठेवून न देता लगेच खावेत.