शेवटच्या तासाची थरथर

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तीन तासांच्या लेखी परीक्षेत दोन तास उलटले की बाहेर जाण्याची परवानगी मागत असे. एका पेपरला ती मिळाली नाही आणि त्या उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानांवरचे अक्षर इतके बिघडले होते, की ती पाने दुसऱ्याच कोणी लिहिली असावीत असे वाटले. मी त्याला बोलावून घेतले. “मॅडम, मला परीक्षेची भीती बसली आहे. अभ्यास झालेला असतो, पण शेवटी शेवटी छातीत धडधडतं, काही सुचत नाही,” असे तो म्हणाला. बोलता बोलता त्याने शर्टाची बाही दोनदा ओठांपर्यंत नेली आणि दोन्ही वेळा भानावर येऊन हात खाली घेतला. बाहीत व्हेपचे पेन, म्हणजे निकोटिनची वाफ ओढण्याचे बॅटरीवरचे उपकरण, होते.

त्याला परीक्षेची भीती असेलही. परंतु निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, हेही तितकेच खरे आहे. झुरका ओढल्यावर काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते आणि हायसे वाटते. मात्र सवय जडली की ते कमी पडताच बेचैनी, चिडचिड, उदासी, लक्ष न लागणे आणि झोप उडणे सुरू होते. चिंतेने ग्रासलेला विद्यार्थी समुपदेशकाला जे सांगतो, ते जवळजवळ हेच असते. त्यामुळे तलफेला तो आपला स्वभाव समजतो आणि जिच्यामुळे ती तलफ लागली, त्याच वस्तूला औषध मानतो.

“व्हेप ओढलं की शांत वाटतं” असे मुले म्हणतात तेव्हा ती खोटे बोलत नाहीत, आणि त्यांना खोटे ठरवून उपदेश करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शांत वाटतेच, फक्त ती शांतता बहुतांशी आधीच्या झुरक्याने मागे ठेवलेली अस्वस्थता फेडण्याची असते.

सिगारेट निदान संपते, ती विझवावी लागते. व्हेपला असा शेवट नाही. ते उशाखाली ठेवता येते, लॅपटॉपला लावून चार्ज करता येते, मध्यरात्री कूस बदलताना ओढता येते, आणि दिवसभरात किती ओढले याचा हिशेब ओढणाऱ्यालाही लागत नाही. त्यातच निकोटिन क्षाराच्या रूपात वापरले की घशाला खरखर कमी जाणवते, म्हणून अधिक मात्रा सहज आत जाते. युरोपीय संघाने एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. काही देशांत ५० मिलिग्रॅमची द्रावणेही विकली गेली आहेत. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात हे चालू असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जी मुले आधीच खिन्न किंवा एकाकी असतात, तीच व्हेपकडे अधिक वळतात, त्यामुळे सगळा दोष निकोटिनच्या माथी मारता येणार नाही. मात्र सोडल्याने मन ढासळेल, ही भीतीही निराधार ठरते. सिगारेट सोडणाऱ्यांवरील २६ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, पुढचे काही आठवडे चढउताराचे असतात. म्हणून ऐन परीक्षेच्या आठवड्यात एकदम सोडण्याचा हट्ट मी कोणाला धरू देत नाही.

मदत फार मोठी असावी लागते असेही नाही. अमेरिकेत १८ ते २४ वर्षांच्या २,५८८ तरुणांवर झालेल्या एका चाचणीत, मोबाइलवर धीर देणारे आणि युक्त्या सुचवणारे संदेश मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के सात महिन्यांनी व्हेपमुक्त होते, तर तुलनेच्या गटातले १८.६ टक्के. फरक लहान आहे, पण तो केवळ संदेशांनी पडला.

आणि आम्ही काय करतो? पेन सापडले की जप्त करतो, दंड करतो, पालकांना कळवतो. परिणामी मूल समुपदेशकापुढेही व्हेपचा उल्लेख टाळते, आणि ही सवय लक्षात न घेताच त्याच्या चिंतेवर उपचार सुरू होतात. आमच्या समुपदेशन केंद्राच्या पहिल्या अर्जात झोप, भूक, घरची परिस्थिती, प्रेमभंग, सगळे विचारलेले आहे. निकोटिनबद्दल एक ओळही नाही. “जाग आल्यावर किती मिनिटांत पहिला झुरका ओढता?” हा प्रश्न त्यात घालावा आणि त्याचे उत्तर शिस्तपालन समितीकडे कधीही जाऊ नये, असे मी लेखी मागितले आहे. त्या विद्यार्थ्याला मी हाच प्रश्न विचारला होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, डोळे उघडायच्या आधी.”