मंदीत कसं वागावं: भोसरी-चाकणच्या होतकरू बेकारांसाठी

मंदी सांगून येत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे. ती गेटवरच्या नोटीस बोर्डावर लागते, खाली सही-शिक्क्यासकट. २०१९च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या गाड्यांच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, अनेकांनी ती वाचली. पुढच्या खेपेच्या उमेदवारांना त्यांच्या अनुभवाचा लाभ व्हावा, म्हणून हा प्रपंच.

नोटिशीत ‘ब्लॉक क्लोजर’ लिहिलेलं असतं, म्हणजे काही दिवस कारखाना बंद. गुरुवारची सुट्टी इथल्या एमआयडीसीला असतेच, तिला मागंपुढं दोन-तीन दिवस जोडले की झालं. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती, तेव्हा कंपनीचंही फार चुकत नव्हतं. तुम्ही पर्मनंट असाल तर गावी जाऊन या. ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर कायद्यानं मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा निम्मा भाग तरी हातात पडतो. पण ठेकेदाराकडचे किंवा ‘नीम’ या तेव्हाच्या सरकारी प्रशिक्षण योजनेतले ट्रेनी असाल तर नोटीस वाचत बसू नका, ती तुमच्यासाठी नाहीच. तुम्हाला सुपरवायझरचा फोन येईल. “उद्यापासून येऊ नको, मी बोलावतो. टेन्शन घेऊ नको.” घेऊ नका. तुम्हाला कामावरून काढलेलं नाही, कारण कागदोपत्री तुम्ही कामावर नव्हताच. दोन-तीन वर्षं एकाच प्रेसवर एकच ब्रॅकेट काढायला शिकत होता. आता शिक्षण पूर्ण झालं.

नोकरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे आपली चूक शोधणं. सरकार यात मदत करतं. १० सप्टेंबर २०१९ला अर्थमंत्र्यांनी चेन्नईत सांगितलं, की गाड्या खपत नाहीत त्याला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, जबाबदार आहेत आणि नव्या पिढीची मानसिकताही. हप्त्याची गाडी घेण्यापेक्षा पोरांना ओला, उबर नाहीतर मेट्रो बरी वाटते. पिंपरीत तेव्हा मेट्रोचे नुसते खांब होते, पण मानसिकतेला खांबही पुरतात. तेव्हा बारा-तेरा हजारांवर राबताना आपण एक कार का घेतली नाही, याचा शांतपणे विचार करा. आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी बुडाल्यावर वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले, २०१८च्या जुलैत ट्रकच्या वजनाची मर्यादा २०-२५ टक्क्यांनी वाढली आणि आहे त्याच ट्रकांत जास्त माल बसू लागला, विम्याचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरायची वेळ आली, ही असली कारणं लोक सांगतील. त्यांच्या नादी लागू नका. त्यात तुमचा दोष निघत नाही.

आता राहायची व्यवस्था. भोसरीत, चाकणात लातूर, नांदेड, बुलढाण्याची पोरं कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे भाडं खोलीचं नव्हे, कॉटचं. बऱ्याच खोल्यांत एका कॉटला दोन धनी असतात. रात्रपाळीचा सकाळी येऊन झोपतो तेव्हा दिवसपाळीचा निघालेला असतो. गादी थंड म्हणून होत नाही. तेजीत दोघांची महिना-महिना नीट भेट होत नाही, फक्त एकमेकांच्या डोक्याच्या तेलाचा वास ओळखीचा असतो. तिसरी पाळी बंद झाली की दोघं एकाच रात्री एकाच कॉटपाशी उभे राहतात. ‘तू झोप’, ‘नाही, तू झोप’ असं होतं आणि शेवटी एक जण सतरंजी घेऊन गच्चीवर जातो. पाऊस असला तर जिन्यात. मालक भाडं मात्र दोघांकडूनही पूर्ण घेतो, आणि ते बरोबरच आहे, त्याच्याकडं मंदी कुठं आहे? आमचा सल्ला इतकाच, की तेजी असतानाच कॉटच्या जोडीदाराशी ओळख करून ठेवावी. मेसवाल्या मावशींशीही. डबा बंद करणं त्यांच्या जिवावर येतं, पण आठ दिवसांनी भाजी पातळ होते.

तुम्ही स्वतः दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशिनं, टाकून बसलेले लघुउद्योजक असाल तर वेगळं सांगायला नको. मोठ्या कंपनीकडून येणारं मालाचं शेड्यूल निम्म्यावर येतं, मशिनचा हप्ता निम्म्यावर येत नाही. पुरवलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६चा कायदा आहे. तो बिलासोबत मोठ्या कंपनीला पाठवून बघा. बिलही परत येईल आणि पुढची ऑर्डरही येणार नाही. त्यापेक्षा २० सप्टेंबरच्या बातमीनं आनंदी व्हा. कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२वर आला, १,४५,००० कोटींवर पाणी सोडून सरकारनं उद्योगाला हात दिला. तुमचा उद्योग प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारीतला असेल, म्हणजे भोसरीतल्या बहुतेकांसारखा, तर तो हात तुमच्या डोक्यावरून पुढं गेला. पण गेला तो उद्योगाकडंच ना.

खंडेनवमीला मशिनची पूजा चुकवू नका. त्या वर्षी ती ७ ऑक्टोबरला होती. ऑपरेटर नसला तरी स्पिंडल पाच मिनिटं रिकामा फिरवावा. झेंडूचा हार अडकणार नाही एवढं बघा.

मनोरंजनही सोडू नका. २ ऑक्टोबरला तीन सिनेमांनी एका दिवसात १२० कोटी कमावले, म्हणजे अर्थव्यवस्था ठणठणीत आहे, असं एका केंद्रीय मंत्र्यांनी मुंबईत सांगितलं. दुसऱ्या दिवशी विधान मागं घेतलं. तिकिटाचे पैसे मात्र कोणी मागं दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि हातात काहीच नसेल तर निवडणुकीची वाट बघा. २०१९ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं. भोसरी ते तळेगाव नवी भरती एवढ्या एकाच धंद्यात चालू होती. टोपी, उपरणं, वडापाव, संध्याकाळी रोख रोज. पीएफ नाही, पण तो आधी तरी कुठं होता? शिवाय सरकारी पाहणीच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारवाल्यांत धरतात. एका प्रभागफेरीला दोन तास लागतात, म्हणजे दोन आठवड्यांची सोय झाली. उमेदवार कुठल्या पक्षाचा ते विचारू नका, घोषणा तीच असते, तरुणांच्या हाताला काम. ती जरा मोठ्यानं द्या. मुकादम आवाज बघून दुसऱ्या दिवशी बोलावतो.