खापर कुणावर फोडायचं?

मुलांच्या वाढत्या वजनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यातलं निम्मं बरोबर आहे.

तुमचं म्हणणं असं, की मुलांच्या वाढत्या वजनाचं खापर मी घरावर, म्हणजे शेवटी आईवर फोडलं, शाळेतल्या जेवणाला मोकळं सोडलं आणि ‘अंगकाठीच तशी’ असू शकते हे विसरलो.

आईचा मुद्दा मान्य. आमच्याकडे खरेदी मी करतो, बिस्किटांचे पुडे मीच आणतो, तरी लिहिताना सारखं ‘आईने’ असंच आलं. आता तिथे ‘मोठ्यांनी’ केलंय. अंगकाठीचंही खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातला आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. पण १९७५ साली जगात ५ ते १९ वयाची सुमारे १ कोटी १० लाख मुलं स्थूल होती, २०१६ साली १२ कोटी ४० लाख. लोकसंख्या वाढली हे धरूनही, चाळीस वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. बदललं ते आजूबाजूचं.

शाळेत मिळणारं जेवण सुधारायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण आठवड्याच्या एकवीस खाण्यांपैकी शाळेत होतात पाच. सुट्टीत तेवढीही नाहीत. आणि मधल्या वेळचं चरणं तर मी धरलेलंच नाही.

मला खरी काळजी वाटते ती ‘ताटात काही टाकायचं नाही’ या शिस्तीची. एकदा मुलगी शाळेतून येऊन बराच वेळ वर आलीच नाही म्हणून खाली बघायला गेलो. जिन्यात बसून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, ती डब्यातलं उरलेलं गार जेवण भराभर तोंडात कोंबत होती. भूक नव्हतीच. रिकामा डबा दाखवायचा होता, मला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना जास्त वाढलं तरी ती जेवढी भूक तेवढंच जेवली. पाच वर्षांची मात्र जास्त वाढलं की जास्त जेवली. पोटाकडे बघायचं सोडून ताटाकडे बघायला मूल शिकतं ते बहुधा याच मधल्या काळात, आणि आम्ही ते मन लावून शिकवलं होतं. आता काय आणि कधी वाढायचं ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते ती. डबा अर्धा परत आला तर मी काही बोलत नाही. जीभ चावावी लागते, पण नाही बोलत.

‘आम्ही कोला देत नाही, फक्त फळांचा रस देतो’ असंही तुम्ही लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी. त्यात रसातली साखरही मोजतात. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा ३७ ग्रॅमच्या आसपास येते, आणि २०० मिलीलिटर संत्र्याच्या रसातच त्यातली निम्मी संपते. रसापेक्षा अख्खं फळ द्या. चावावं लागतं, पोट भरतं.

लाज वाटायला लावू नका, हे तुमचं शेवटचं वाक्य मात्र मी लेखात उचलून घेतोय. वाढत्या मुलाचं वजन बहुतेकदा उतरवायचं नसतं, उंची वाढेपर्यंत ते फार वाढू द्यायचं नसतं. तेही वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावरून डॉक्टरांनी सांगायचं, पाहुण्यांसमोर काकांनी नाही.

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी वेगळं ‘पथ्याचं’ ताट मांडू नका. सगळ्यांचं तेच त्याचं. गोडाचे पुडे लपवण्यापेक्षा आणूच नका. मी अजून अधूनमधून आणतो, आणि रात्री अकराला ते कोण संपवतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.