‘सेल्फ नसलेलं मशीन गळ्यात मारलं’ या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी शटर उघडल्यावर दुकानातल्या पोरांनाही वाचून दाखवला. तुमचं म्हणणं असं: मोहोळच्या शेतावर वडिलांसाठी आमच्याकडून पेट्रोल जनरेटर नेला, त्याला सेल्फ नाही. काकांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, चाळीस वेळा दोरी ओढली, खांदा धरला, मशीन सुरू झालंच नाही. मेकॅनिक दोन दिवसांनी आला आणि नुसतं ऑइल ओतायचे ४५० रुपये घेऊन गेला. वर गुलमर्गचा दाखला दिलाय, की तिथे बर्फात पोरगं एका झटक्यात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) सुरू करतं, मग सोलापूरच्या उन्हात तुमच्या मशीनला काय धाड भरली?

४५० रुपयांपासून सुरू करतो, कारण तिथे चूक आमचीच आहे. नवीन जनरेटर कोरडा येतो, ऑइल आम्ही भरून देतो. या इंजिनात ६०० मिली ऑइल बसतं. आमच्या पोराने अर्ध्या लिटरची बाटली ओतली आणि ऑइल मोजायची काडी न बघताच झाकण लावलं. ऑइल कमी पडलं की आतला फ्लोट खाली बसतो आणि प्लगचा करंट तोडतो. इंजिन जाम होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्यात मशीन विहिरीकडच्या उतारावर ठेवलेलं, म्हणजे होतं तेवढंही ऑइल एका अंगाला गेलं. प्लगला करंटच नाही म्हटल्यावर काकांनी चारशे वेळा ओढलं असतं तरी काही होणार नव्हतं. ‘सपाट जागी ठेवा आणि काडी बघा’ एवढं फोनवर सांगितलं असतं तर दोन दिवस वाट बघायची वेळ आली नसती. लग्नसराईत दोन्ही पोरं मंडपांच्या जनरेटरवर होती आणि मी फोन घाईत ठेवला. ४५० रुपये काल तुमच्या खात्यावर परत पाठवलेत.

आता गुलमर्ग. तिथली गाडी मी बघितलेली नाही, पण एका झटक्यात दोरीवर उठली म्हणजे बहुतेक टू-स्ट्रोक असणार. दोरीच्या एका ओढीत क्रँक तीन-चार वेळा फिरतो. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्याला पेट घ्यायची संधी असते, फोर-स्ट्रोकला एकाआड एक. आपला जनरेटर फोर-स्ट्रोक, म्हणजे त्याच ओढीत आपल्याला संधी निम्म्याच. शिवाय मोठ्या फोर-स्ट्रोक स्नोमोबाइलचं इंजिन काही साधं नसतं. यामाहाने २००३ च्या मॉडेलसाठी आरएक्स-१ आणली, ती ९९८ सीसीची, चार सिलिंडरची, आर-१ मोटरसायकलच्या इंजिनावरून बेतलेली. असलं कम्प्रेशन हाताने फिरवायचं म्हणजे पैलवान बोलवावा लागेल. म्हणून त्यांना सेल्फ लागतोच. आणि थंडीत बॅटरी बसली की पंचाईत तिथेही होते. ढकलून सुरू करावी म्हटलं तर पट्ट्याचा क्लच इंजिनाला वेग आल्याशिवाय पकडतच नाही, मागचा ट्रॅक कितीही फिरवा. आपल्याकडे सात रस्त्याला भर दुपारी अॅक्टिव्हा ढकलणारे दिसतात ना, त्यांचीही गत तीच. दम लागतो, गाडी तशीच. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून सुरू करायची, बर्फात काय आणि इथे काय.

सेल्फवालं मशीन का दिलं नाही, यावर मात्र मी ठाम आहे. तुम्ही विचारलं होतंत आणि मी नको म्हणालो होतो. विकलं असतं तर आमचाच फायदा जास्त होता. पण काकांचा जनरेटर महिन्यातून दोनदा-तीनदा, लाइट गेली तरच चालणार. बाकी वेळ पत्र्याच्या शेडमध्ये उभा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखाली त्याहून जास्त. वापर नसलेली बॅटरी अशा उकाड्यात आपोआप उतरते आणि तिचं आयुष्यही घटतं. मग ऐन अंधारात बटण दाबायचं आणि नुसती टकटक ऐकायची. त्या सेल्फवाल्या मशीनलाही बाजूला दोरी असते, आणि शेवटी तीच ओढावी लागते. मंडपवाल्याला मी सेल्फच देतो, त्याचं मशीन रोज चालतं. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणारे मात्र दोरीवालंच मागतात आणि बोलता बोलता एका हाताने सुरू करतात.

राहिला खांदा. याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून मंगळवारी मी स्वतः मोहोळला जाऊन आलो. काकांनी आधी चहा पाजला, मग झापलं. दोरी कशी ओढता ते दाखवा म्हटलं. चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) कायम लावलेलाच, दोरी असेल तिथून जोरात हिसका, आणि अर्ध्यात हात सैल. असा हिसका मारला की पिस्टन नेमका कम्प्रेशनवर आदळतो आणि सगळा धक्का खांद्यात येतो. करंट असेल तर इंजिन उलटंही मारतं. चोक लावून चाळीसदा ओढल्यामुळे त्या दिवशी प्लगही पेट्रोलने भिजला होता. मेकॅनिकने तो काढून पुसला आणि चोक उघडा ठेवून चार-पाच वेळा कोरडी दोरी ओढली, हे त्याने तुम्हाला सांगितलं नाही. काम करतो आणि सांगत नाही, ही त्याची जुनी खोड.

काकांना मी डीकॉम्प्रेसरचं समजावत होतो. कॅमशाफ्टवर एक छोटं वजन असतं, इंजिन हळू फिरताना ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतं म्हणजे दोरी हलकी येते, आणि वेग आला की बाजूला होतं. काका मध्येच म्हणाले, “म्हणजे बुलेटचा डीकॉम्प की!” मला काय माहीत, काकांनी बारा वर्षं साडेतीनशेची बुलेट चालवलीय! अँपिअरचा काटा मध्ये आणायचा, डीकॉम्प दाबून किक जरा खाली घ्यायची आणि मग पूर्ण मारायची. घाई केली की किक रिटर्न मारते आणि नडगी फुटते, हे त्यांनीच मला ऐकवलं. म्हटलं, काका, हेच इथे. दोरी हळू ओढा, जड लागली की थांबा, हळूच आत जाऊ द्या, मग सरळ रेषेत एक लांब ओढ. मूठ मात्र सोडायची नाही, हाताने परत न्यायची, नाहीतर रिकॉइल, म्हणजे दोरी आत ओढणारी स्प्रिंग, तुटतं. पेट्रोल कॉक उघडा, थंड इंजिनाला चोक, सुरू झालं की हळूहळू चोक मागे, आणि तोवर मोटारीचा लोड बंद.

दुसऱ्या ओढीला सुरू झालं. मग बंद करून त्यांनी परत सुरू केलं, बहुतेक मला दाखवायला.

हे सगळं डिलिव्हरीच्या दिवशी काकांच्या हातून करून घ्यायला हवं होतं. आमच्या पोराने स्वतः ओढून दाखवलं, सही घेतली आणि निघाला. आता नियम केलाय की ज्याला वापरायचंय त्याने तीनदा सुरू केल्याशिवाय टेम्पो परत फिरवायचा नाही.

एक गोष्ट तुम्हीच काकांना सांगा, माझं ते ऐकत नाहीत. पावसाच्या भीतीने जनरेटर पडवीत घेऊन दार लावून चालवतात. तो धूर विषारी असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर, घरापासून लांब, वर नुसतं छप्पर, असंच चालवायचं.

पहिल्या २० तासांनंतर ऑइल बदलायचं असतं. काकांचे अंदाजे १४ झालेत, त्यांनी शेडच्या दाराला खडूने रेघा मारून ठेवल्यात. २० झाले की फोन करा, पोरगा येऊन बदलून देईल, पैसे नकोत. आणि खांदा अजून दुखत असेल तर महिनाभर दोरी तुमच्या चुलतभावाला ओढू द्या. मंगळवारी तो बाजूला उभा राहून व्हिडिओच काढत होता.